फुलवाल्या मावशींची सुई

आमच्या कोपऱ्यावर पाणीवाले खणायला आले की आधी फुलवाल्या मावशींना विचारतात, "मावशी, गॅसची लाइन कुठून गेलीय?" पाण्याचा नकाशा पाणीवाल्यांकडे, गॅसचा गॅसवाल्यांकडे, विजेचा वीजवाल्यांकडे. जमिनीखाली तिन्ही लाइनी एकमेकींना खेटून आहेत. वर ऑफिसं मात्र एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सगळ्यांची खोदाई पाहिलेल्या एकट्या मावशी. त्या हाराची सुई रोखून जागा दाखवतात आणि तिथे कुणी कुदळ मारत नाही. एवढ्या भरवशावर आम्ही निवांत राहतो.

आज सुई बराच वेळ हवेतच राहिली. "इकडून... का त्या खांबाकडून? आता नीट आठवत नाही रे बाबा."

मजूर घुटमळला. मुकादम म्हणाला, "मार अंदाजानं."

त्यानं कुदळ उचलली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता.