दुनळी रायफलच्या पुंगळ्या

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मी लेथवर काम करतो. पंपांचे शॅफ्ट, बुश, कधी ट्रकची एखादी पिन. एकदा खाबुरा गावचे एक वृद्ध ओमानी गृहस्थ वर्कशॉपमध्ये आले. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांनी आधी बंदुकीचा परवाना दाखवला, मग एक डबा उघडला. आत मधल्या बोटाहून लांब अशा रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या.

त्यांच्याकडे आजोबांची जुनी दुनळी रायफल होती. तिची काडतुसं बाजारात मिळेनात, म्हणून बाबा ती घरीच भरायचे. या पुंगळ्या दुसऱ्या जातीच्या. बुडाची कडा जाड, त्यामुळे काडतूस घातल्यावर रायफल मिटत नव्हती.

"तेवढी कडा उतरवून दे," ते हिंदीत म्हणाले. "दारूचं माझं मी बघतो."

आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, मान डोलावली आणि मी एका दुपारी वीस पुंगळ्या उतरवल्या. स्वतःवर जाम खूश होतो. शुक्रवारी बाबा मला गाडीतून नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. चार काडतुसं वाजली. पाचव्याला नुसतं टक झालं. उशिरा वाजलंच तर म्हणून ते नळी समोर रोखून बराच वेळ थांबले, मग काडतूस काढून निरखून पाहिलं. कडा जास्त उतरली होती, म्हणून ठोका नीट बसला नव्हता.

"सगळ्या मोजल्या होत्यास?"

"पहिल्या चारच," मी म्हणालो. खोटं बोलायला जीभ उचलेना. "पुढं हात बसला असं वाटलं. चूक माझी आहे, बाबा."

ते इतके हसले की डोक्याला गुंडाळलेला मुसर घसरला. "मग चारच वाजणार ना!"

वाजलेल्या चारांचंही जमलं नव्हतं. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडायला हव्यात, नाहीतर दुनळीला अर्थ नाही, असं त्यांनी मला समजावलं. इथं मध्ये वीतभर अंतर होतं.

मी नव्या पुंगळ्या घेतल्या, प्रत्येक मायक्रोमीटरने मोजली. गोळ्या जवळ याव्यात म्हणून बाबा दर खेपेला दारूचं वजन किंचित बदलायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी दोन बार झाले, आम्ही कागदापाशी चालत गेलो. दोन भोकं एकमेकांना चिकटून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. बाबा माझा काळा, तेलकट हात धरून उभे राहिले.

त्या दुपारी त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या बैठकीत, पाहुणे होते. बाबांनी मला शेजारी बसवलं, हलवा पुढे केला आणि तो कागद सगळ्यांत फिरवला. "पुंगळ्या याने केल्या," ते प्रत्येकाला सांगत होते. इतकी वर्षं मी केलेले शॅफ्ट पंपाच्या पोटात जातात, कुणाला दिसत नाहीत. इथं दहा माणसं माझं काम उजेडात धरून बघत होती. माझे कान तापले.

कहवा संपायच्या आत एकाने दल्ल्याच्या, म्हणजे कॉफीच्या किटलीच्या, झाकणाची तुटलेली बिजागरी माझ्या हातात दिली.

"होईल?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो, आणि या वेळी आधी माप घेतलं.