घोंगड्या आणि फिरत्या फळ्या

नगरमधल्या एका जुन्या दगडी सभागृहाच्या आवाजाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी सर्वांत आधी गावाकडच्या गुरुजींना फोन केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म गुरुजींनीच मला शेजारी बसवून स्वतःच्या अक्षरात भरला होता. त्यांचं भजनी मंडळ दर हिवाळ्यात याच सभागृहात गातं, तेही माइक न लावता.

"आवाज बारीक झाला रं आता," ते म्हणाले. "तिथल्या भिंती साथ देत्यात म्हणून अजून गातो. तेवढं सांभाळ."

सभागृहात आवाज फार घुमायचा. भजनाला ते चालायचं, पण नाटकातली वाक्यं एकमेकांत मिसळायची. म्हणून भिंतींवर मी फिरत्या फळ्या बसवल्या. एका बाजूला गुळगुळीत लाकूड, दुसऱ्या बाजूला जाड लोकरी कापड. लाकूड पुढे केलं की आवाज परततो, कापड पुढे केलं की विरतो. भजनातले शब्द नीट कळावेत म्हणून मी निम्म्या फळ्या कापडाच्या बाजूला फिरवल्या. रिकाम्या सभागृहात मोजून पाहिलं. आकडे चोख आले.

भजनाला खुर्च्या काढतात. फरशी गार असते, म्हणून आमच्याकडची माणसं काखेत घोंगडी घेऊनच येतात. लहानपणी मीही आईच्या घोंगडीवर बसून भजनं ऐकली आहेत. फळ्या बसवल्यानंतरच्या पहिल्या भजनाला सभागृह भरलं. अंथरलेल्या घोंगड्या, खांद्यावरच्या घोंगड्या. मी मागे उभा राहून सगळं पाहत होतो, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुजींनी पहिली ओळ उचलली. माझ्यापर्यंत नुसते टाळ आले.

"गुरुजी, जेवून न्हाई आला का?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"माइक द्या की वो त्यास्नी!"

गुरुजींनी जोर लावला, त्यांना खोकला आला. त्यांनी टाळ खाली ठेवले आणि शेजारच्या तरुण गायकाला खूण केली. त्याचा आवाज दणकट होता. भजन पुढे चाललं.

तेव्हा मला कळलं. निम्म्या भिंती लोकरीच्या आणि जमीन सगळी लोकरीची.

गुरुजी बाहेर पायरीवर चहा घेत होते.

"गळाच गेला रं माझा."

"गळा नाही गुरुजी. माझं चुकलं. घोंगड्यांचा हिशेबच धरला नाही मी."

"उगं माझं मन राखू नको," ते हसून म्हणाले. "लई चांगलं काम केलंस तू."

लोक गेल्यावर मी सगळ्या फळ्या लाकडाच्या बाजूला फिरवल्या आणि त्यांना आत नेलं. त्यांनी एक ओळ म्हटली. ती थेट शेवटच्या भिंतीला लागून परत आली.

"बघा," मी म्हणालो.

"मोकळ्या घरात कुनाचाबी आवाज घुमतो," ते म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले. मी सोबत गेलो.

आता भजनाच्या दिवशी सगळ्या फळ्या लाकडाच्या बाजूला ठेवायच्या, अशी सूचना मी दारामागे लावली आहे. तिथलं आवाजाचं काम अजून माझ्याकडेच आहे; परवा सभागृहाच्या कार्यालयात मंडळाचा यंदाचा अर्ज आला. त्यात दोन माइक मागितले आहेत. गाणाऱ्यांच्या यादीत गुरुजींचं नाव नाही. अर्जावरचं अक्षर मात्र त्यांचंच, माझ्या इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर होतं तसं, सुबक. मी तो वाचला आणि फाइलीत लावला.