धुऱ्यावरचा मुर्दा

“तू बस वं मुर्द्यापाशी. तुह्या घरचं कामच हाये ते.”

म्हातारे पाटील हे म्हणाले तेव्हा तुरीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, वीसेक माणसं उभी होती. काही हसली. मी गावाची पोलीस पाटील. प्रांत ऑफिसात लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, नेमणुकीचा कागद घेतला. पिशवीत माझ्या नावाचा शिक्का होता. तरी गावात पाटील म्हणजे म्हातारेच. मी कोतवालाची पोरगी. वय पंचेचाळीस.

आमच्या गावाचा कारभार एकाच घरानं केला. आधी वतनानं, मग मतानं. वतन कायद्यानं गेलं, पण पोलीस पाटलाची नेमणूक त्याच घरात होत राहिली आणि सरपंचकीही तिथंच. आता म्हाताऱ्यांचा मुलगा सरपंच आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बोर्ड आहे. एका बाजूला पाटलांची नावं, दुसऱ्या बाजूला सरपंचांची. दोन्हीकडे आडनाव बहुतेक तेच. पाटलांची यादी म्हाताऱ्यांवर थांबते. माझं नाव लिहायला पेंटरला जागा सापडली नाही.

माझा बाप कोतवाल होता. विहिरीत कोणी सापडलं, नाल्यात सापडलं, की पोलीस येईपर्यंत मुर्दा राखायचा तो. कुत्री हाकलायचा, माश्या वारायचा. पाटील सावलीत बसायचे. शेवटी कागदावर बापाचा अंगठा घ्यायचे. घरी येऊन तो आंघोळ करायचा आणि जेवायचा नाही. आई विचारायची नाही.

त्या सकाळी धुऱ्यावर लच्चू पडला होता. कोलामांच्या वस्तीवरचा, पोडावरचा. सरपंचाचा सालदार. शेतही सरपंचाचंच.

“साप चावला त्याले,” सरपंच म्हणाला. “मी कागद लिवून आणतो, बाई. तुमी फक्त सही ठोका.”

मी बसले. हे लपवत नाही. पाय आपोआप दुमडले. चपला मी धुऱ्याखाली काढून ठेवल्या होत्या. कधी काढल्या, आठवत नाही. परीक्षेत पहिली आलेली बाई एका वाक्यात अनवाणी झाली.

माणसं निंबाखाली गेली. मी आणि लच्चू राहिलो. समोर दोन गडी तुरीच्या कडेनं खुंट्या उपटत होते, लोखंडी तार गुंडाळत होते. रानडुकरांसाठी लावलेली. तारेत वीज सोडायला विजेच्या खांबावर टाकलेला आकडाही एकानं बांबूनं काढला. माझ्या डोळ्यांदेखत. त्यांना माझा संकोच वाटला नाही. मुर्द्यापाशी बसवलेल्या माणसाला कोण मोजतं?

मी लच्चूचा पायजमा वर सारला. पोटरीवर काळी रेघ होती. कातडी जळून फाटली होती. सापाचे दात असे नसतात. मी वीत लावून बघितली.

आणि बाप काय गिळून घरी यायचा, ते मला तेव्हा कळलं. त्यानंही पाहिलं असणार. विहिरीत सापडलेल्या बाईच्या गळ्यावरचे वळ पाहिले असतील. नाल्यात सापडलेल्याच्या डोक्याची खोक पाहिली असेल. सगळ्यात जवळ तोच बसायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तर बसवायचे.

मी उठले. चपला घातल्या. पोटरीचा फोटो काढला, तार गुंडाळणाऱ्यांचा काढला. ठाण्याला फोन लावला.

सरपंच कागद घेऊन आला. खाली फक्त सहीची जागा मोकळी.

“करा सही.”

“मले लिवता येते,” मी म्हणाले.

निंबाखालून म्हातारे ओरडले, “काहून डोकं चालवून राह्यली वं? तुह्या बापानं आमच्यापुढं कधी तोंड नाही उघडलं!”

“त्याच्यापाशी शिक्का नव्हता.”

कोणी हसलं नाही. मी तिथंच, लच्चूशेजारी, मांडीवर वही ठेवून रिपोर्ट लिहिला. तार, खुंट्या, आकडा, गड्यांची नावं, शेतमालकाचं नाव. खाली सही केली आणि शिक्का मारला.

पुढचं ऐकून बरं वाटावं, असं काही घडलं नाही. सरपंच जामिनावर सुटला आणि पुन्हा निवडून आला. बिनविरोध. लच्चूच्या बायकोला दुसऱ्या कोणी कामाला बोलावू नये, असा निरोप गावभर फिरला. ती आज त्याच सरपंचाच्या शेतात कापूस वेचते. चक्कीवर माझं दळण सगळ्यांच्या शेवटी टाकतात. दाखल्यावर सही हवी असली की माणसं दारात थांबतात, कागद आत पाठवतात. मी कागद परत पाठवते. ज्याला दाखला पाहिजे, त्यानं आत यावं, समोर बसावं. काही आले. काही तालुक्याला चकरा मारतात. मारू द्या.

आता खटल्याची तारीख लागली आहे. मागच्या आठवड्यात म्हाताऱ्यांचा गडी निरोप घेऊन आला होता. “पाटील म्हणते, बयान थोडं नरम करा. बोर्डावर तुमचं नाव लिवून देतो. मोठ्या अक्षरात.”

“त्याहीले सांग, पेंटर बोलावू नका.”

तारखेच्या दिवशी मी पहिल्या एसटीनं पांढरकवड्याला कोर्टात जाणार आहे. त्यांचा वकील विचारेल, बाई, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही म्हणेन. मग विचारेल, जखम केवढी होती, तुम्हाला काय माहीत?

एक वीत आणि वर दोन बोटं. मी मोजली होती.