बंबाचा तळ

आत्याला बंबाची किळस होती आणि ती तिनं कधी लपवली नव्हती. घरच्यांनीच ती हसण्यावारी नेली होती. "आमच्या आत्याचं नाक जरा जास्तच नाजूक," असं तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आल्यागेल्याला सांगायचा. आणि वर त्या बंबाकडे असा बघायचा, जसं काही पोटचं पोर पहिला नंबर काढून आलंय.

बंब होताही देखणा. तांब्याचा, कमरेएवढा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात विटांच्या ओट्यावर तीन पायांनी उभा. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, पुढे पितळी तोटी. सुट्टीच्या दिवशी दादा त्याला स्वतः घासायचा, अगदी तोंड दिसेल असा. पण ते बाहेरून. वरून पाणी ओतायचं भोक मुठीएवढं. त्यातून ना हात जायचा, ना घासणी. झाकण कधीच हरवलं होतं, त्यावर एक फुटकी बशी असायची. संध्याकाळी बंब कोमट असला की त्या बशीखालून झुरळं ऊब घ्यायला आत उतरायची. उतरलेली सगळीच काही परत येत नव्हती.

दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी धूळ चिमट्यानं उचलायचा, गिऱ्हाईकाच्या पट्ट्याला हात लागला तरी साबणानं हात धुवायचा. एवढा सोवळा माणूस, पण बंबात काय जाळावं याला त्याच्याकडे धरबंध नव्हता. तुटकी चप्पल, फणीतले केस, तेलकट पुठ्ठे, काहीही. "जाळाला काय चव असते?" असं म्हणायचा. चव नसेल, वास होता. पहाटे उठून फुंकर घालणाऱ्या आत्याच्या घशात तो दुपारपर्यंत बसायचा. शिंप्याकडे काजं करताना ती ओढत असलेल्या दोऱ्यालासुद्धा जळक्या रबराचा वास यायचा.

लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा तोंड काळं करून गेला, तेव्हा ती भावाकडे आली ती आलीच. बंब पेटवणं तिच्याकडे आलं, आणि अंघोळीची शेवटची पाळीही. आधी दादा, मग वहिनी, मग भाचा, मग ती. तोटी तळापासून चार बोटं वर होती. तिच्यातून निवळ पाणी यायचं आणि ते तिघांतच संपायचं. दुसऱ्यांदा जाळ घालायला दादाचा जीव धजावत नसे. मग शेवटच्यानं बंब मागून उचलायचा, पुढे कलता करायचा, म्हणजे तळचं पाणी तोटीतून बादलीत पडायचं.

काय पडायचं त्यातून! आधी तांबूस पाणी, मग हिरवट. त्यात पापुद्रे, काजळीच्या गुठळ्या, झुरळाची तंगडी. एकदा पालीचं शेपूट आलं. पाल मात्र आली नाही. पुढचे कित्येक दिवस आत्या प्रत्येक बादलीत उरलेली पाल शोधत होती. उन्हाळ्यात ती गार पाण्यावर भागवायची. थंडीत डोळे मिटून तेच अंगावर घ्यायची. अंगाला खाज सुटली की वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या अंगातच उष्णता फार."

मग भाच्याचं लग्न झालं. औषधाच्या दुकानात काम करणारी, चटचट बोलणारी मुलगी सून म्हणून आली. दुसऱ्या दिवशी दादानं जाहीर केलं, "नवं माणूस शेवटी. बादल्या जरा कमी भरा, तोटीचं चौघांत पुरवू. आत्या, तुला बढती!"

आत्यानं पहिल्यांदा तोटीचं पाणी घेतलं. निवळ, कढत. बादलीचा तळ दिसत होता. ती खूप वेळ नुसती बघत राहिली, मग इतकी खसखसून न्हायली, की वहिनीनं बाहेरून विचारलं, "कातडी काढून ठेवताय की काय?"

आठवडाभर ते सुख टिकलं. मग एका दुपारी सून भाजी निवडताना कोपर खाजवताना दिसली. खाजवता खाजवता तिनं मनगट पुढे केलं. "आत्या, हे काय उठलंय हो? दुकानातलं मलम लावून बघितलं, जात नाही." लाल, बारीक पुरळ. आत्याला ते ओळखीचं होतं. या खेपेला तिला बंबाची किळस आली नाही. आपण रोज मजेत न्हातोय आणि उरलेलं कुणाला जातंय हे आपल्याला माहीत होतं; त्याची किळस आली.

संध्याकाळी ती दादाला म्हणाली, "बंब उलटा करून धुवायला पाहिजे."

"बंब रिकामा करत नाहीत. सांधे उकलतात."

"पोरीच्या अंगावर पुरळ आलंय."

"तुलाही यायचं. मेलीस का?"

दुसऱ्या दिवशी पाणी तापल्यावर आत्यानं दोन्ही हातांना फडकी गुंडाळली, भरला बंब दम लावून मागून जरासा उचलला, गदागदा हलवला आणि दादाची बादली भरून ठेवली. न्हाणीघरात तेव्हा अंधारच असायचा. दादा आत गेला आणि नेहमीसारखी त्यानं आधी त्याच पाण्यानं खळखळून चूळ भरली.

ओरडा सगळ्या घरानं ऐकला. दादा टॉवेलवर बाहेर आला, जिभेवरून बोटानं काहीतरी ओढून काढत. "हे... हे पाय आहेत! कशाचे पाय आहेत हे?"

"झुरळाचे," आत्या म्हणाली. "रोजचेच आहेत. आजवर मी घेत होते, आता तुझी सून घेते."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. भाचा बायकोच्या मनगटाकडे बघायला लागला. दादानं चार वेळा चूळ भरली, साबणानं ओठ धुतले आणि मग तोडगा काढला, "उद्यापासून सूनबाईनं तोटीला फडकं बांधावं. गाळून येईल."

आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती बादलीत बघायची. "सूनबाई, पलीकडून धर."

जाळ विझवून, पाणी सोडून दोघींनी बंब मागच्या दारी नेला आणि पालथा घातला. वाळू-खडे घालून खळखळवला. तपकिरी लगदा भदाभद पडत राहिला. पाल शेवटी निघाली, अर्धीच, पापुद्र्यात चिकटून बसलेली. सून कोपऱ्यात जाऊन ओकली. आत्या ओकली नाही, तिला सवय होती.

निवळ पाणी येईपर्यंत धुतला आणि परत ओट्यावर ठेवून भरला. तर तळाच्या सांध्यातून एक धार लागली, मग दुसरी. आजवर त्याला सांध्यानं नाही, गाळानंच धरून ठेवलं होतं.

"मारलात माझा बंब!" दादा टॉवेलवरच ओट्याशी बसला.

स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं चढलं. एका वेळी एकाचंच पाणी. वाफ यायला लागली तसा दादा उठला आणि सवयीनं बादली पुढे सरकवली.

आत्यानं ती पायानं बाजूला केली. पातेलं उतरवून निम्मं पाणी तिनं सुनेच्या बादलीत ओतलं, निम्मं आपल्या.

"आणि मी?" दादा म्हणाला.

"तू शेवटी," आत्या म्हणाली. "पातेल्याचा तळ घासून ठेवलाय."