उंबऱ्याबाहेरचे बूट

मी लढाईवर गेलो तेव्हा माझं वय बावीस होतं आणि मिशी त्याहून बरीच लहान होती. खांद्यावर सेकंड लेफ्टनंटचा एक तारा, हाताखाली तीसेक जवान, आणि त्यातला प्रत्येकजण माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलेला. काश्मीरच्या डोंगरावर पहिल्यांदा बर्फ पडलं तेव्हा चिंचवडच्या शाळामास्तरांचा हा मुलगा आभाळाकडे आ करून बघत राहिला. माझा रनर, म्हणजे चौकी-चौकीवर निरोप पोचवणारा जवान, कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, तोंड मिटा. पोरं बघत्यात." तो चाकणजवळच्या खेड्यातला. लढाई म्हणजे काय हे मला पुस्तकांनी शिकवलं आणि जिवंत कसं राहायचं हे त्यानं.

मी शूर होतो का, हे मला अजून नक्की ठाऊक नाही. गोळीबार सुरू झाला की माझी नजर आधी आडोशाचा मोठा दगड शोधू लागे. पण आवाज मात्र खणखणीत राही. शाळेच्या नाटकांत राजाची कामं केल्याचा तेवढा फायदा.

एका सकाळी पुढच्या चौकीकडे जाताना माझ्या बुटाची नाडी सुटली. मी वाकलो. "बांधा सावकाश, मी म्होरं बघतो," म्हणत माझा रनर पुढे झाला. त्याचं चौथं पाऊल सुरुंगावर पडलं. पुढे चालायची पाळी माझी होती. हा भाग मला रंगवून सांगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

पन्नास साल उजाडलं तेव्हा मी रजेवर घरी होतो आणि तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात, डाव्या गुडघ्याखाली नवा लाकडी पाय घेऊन. भेटायला गेलो तर चेहरा पडलेला. लढाईवर जाण्याआधीच शेजारच्या गावच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. पायाचं त्यानं तिकडे कळवलंच नव्हतं. प्रत्येक पत्रात फक्त "खुशाल आहे". आईवडील लहानपणीच गेलेले, चुलत्यानं हात झटकले होते, "तुझ्या साहेबालाच ने बोलणी करायला."

"मग जाऊ की," मी म्हणालो.

"साहेब, सासरा बैलांचा पारखी हाय. चाकणच्या बाजारात लोक त्याला बैल दाखवाया नेत्यात. त्यो आधी पाय बघतो. लंगडा बैल त्यानं जल्मात दावणीला बांधला न्हाई. जावई बांधील व्हय?"

माझ्यातला सेनापती तिथल्या तिथे जागा झाला. मी बेत आखला. आधी सासऱ्यानं माणूस बघायचा, चालणं बघायचं, गप्पा व्हायच्या, जेवणं व्हायची, आणि माणूस मनात भरला की मग पायाचं सांगायचं.

"ही फसवाफसवी झाली, साहेब."

"गाढवा, याला डावपेच म्हणतात."

मी त्याला पंधरा दिवस चिंचवडला घरी आणला. आज पिंपरीला जिथे कारखान्यांचे भोंगे वाजतात तिथे तेव्हा नुसतं कुसळांचं माळरान होतं. त्या माळावर मी रोज सकाळी त्याची कवायत घेई. लंगडला की मी ओरडे, मी ओरडलो की तो हसे, आणि हसला की पाय बरोबर पडे. पंधराव्या दिवशी तो असा चालला, की रुळांच्या कामावरचे गडी हातातली पहार टेकून बघत राहिले. त्यांना वाटलं, लंगडतो तो मी.

मग गणवेश चढवून, बुटांना आरशासारखी चकाकी आणून आम्ही एसटीनं चाकणला उतरलो आणि बैलगाडीनं गावात शिरलो. गावात शिरताना लोकांच्या तोंडी मी लेफ्टनंट होतो, पारापाशी कॅप्टन झालो आणि घर येईतो मेजर. इतकी झटपट बढती लष्करानं मला पुन्हा कधी दिली नाही. कांदे काढायचे दिवस होते. अंगणात कांद्यांचा ढीग, आणि त्यामागे ओट्यावर सासरा, आमच्याकडे टक लावून. आमच्या तोंडांकडे नव्हे, पायांकडे. माझा जवान ते अंगण खाडखाड तुडवत गेला आणि सलाम ठोकून उभा राहिला. सासऱ्याची मान हलली. पसंतीची. मी मनातल्या मनात विजयाची तुतारी फुंकली.

तेवढ्यात घरातून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नवरी तीच, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून आणि वर उचललेल्या नजरेवरून कळत होतं.

"काढा बूट," सासरा म्हणाला. "पाय धुवा आन् आत या."

चार वर्षं लष्करी मेसमध्ये बुटासकट टेबलावर जेवलेल्या माणसानं आखलेला तो डावपेच होता. वाट, वेळ, बसायला बाज, सगळं त्यात होतं. फक्त आपल्या लोकांत उंबऱ्याशी पायताण काढून पाय धुतात, हे मास्तरांचा मुलगा साफ विसरला होता.

मी शेवटची तोफ डागली. "आमच्या फौजेत बूट काढायचा हुकूम नसतो."

"मंग झोपता कसं?"

माझा जवान माझ्याकडे बघून हसला, ओट्याच्या कडेला बसला, उजवा बूट काढला, मग डावा. "मामा, ह्याला पाणी लावायचं न्हाई," तो लाकडी पाऊल दाखवत म्हणाला. "कुजतं."

सासरा खाली उतरला, उकिडवा बसला, पायाला बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं.

"लाकूड कुठलं?"

"इलायती म्हणत्यात."

"मऊ हाय. बाभूळ पायजे. गाडीचा आस आमी बाभळीचाच घालतो." त्याला पायाचं दुःख नव्हतं, पारख चुकल्याचं होतं. "इतकं बाजार केलं, पन मला चाल वळखू आली न्हाई. कुणी शिकिवलं चालाया?"

जवानानं माझ्याकडे बोट केलं.

"ह्येंनी? ह्ये सोता तर बदकावानी चालत्यात."

मग तो उठला. "बैलाची गोष्ट येगळी. त्यो बाजार मी करतो. जन्म हिला काढायचा हाय, तवा हिला इचारा." आणि मुलीकडे पाठ करून तो कांदे निवडू लागला.

मी विचारणार तरी काय? जवान मान खाली घालून बसला होता. सुरुंगाच्या दिवशी स्ट्रेचरवरही तो इतका पांढरा पडला नव्हता. मुलगी पुढे आली, वाकली, त्याच्या उजव्या पावलावर सावकाश पाणी ओतलं. डाव्याकडे क्षणभर पाहिलं. मग सरळ उभी राहून आत, चुलीपाशी बसलेल्या आईला तिनं ऐकवलं, "आये, निम्मा तांब्या उरला गं. आड लांब हाय आपला. ह्यो पाव्हणा परवडंल."

आतून कालथा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसू. सासरा एकच कांदा किती तरी वेळ निरखत होता. डोळ्यांना तो झोंबला, असं त्याचं म्हणणं.

जेवताना जवानासाठी एकावर एक दोन पाट ठेवले गेले आणि त्यावर तो गव्हर्नरसारखा बसला. मी मेजर असूनही खाली. उठेपर्यंत लग्नाचा महिना ठरला होता आणि परसातली कुठली बाभूळ तोडायची तेही.

निघताना ओट्यावर बसून मी बूट चढवू लागलो. नाडी काही केल्या बसेना. तो केव्हाच तयार होऊन अंगणात उभा होता. दोन पावलं परत आला आणि माझ्याशेजारी टेकला.

"बांधा सावकाश, साहेब," तो म्हणाला. "या खेपेला मी थांबतो."