चक थांबेपर्यंत

सिनेमाबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि कोणी विचारली नाहीत तरी मी ती सांगते. त्यातलं पहिलं मत असं की, नटाचं तोंड बघू नये, हात बघावेत. तोंडाच्या मदतीला मेकअप असतो, लाइट असतो, मागून व्हायोलिनं वाजतात. हातांच्या मदतीला कोणी येत नाही. पडद्यावरची गरीब आई भाकरी थापायला बसली की मला दोन मिनिटांत कळतं, ही बाई घरी कधी पिठाला हात लावत नसणार. डॉक्टर झालेला नट अंगठ्याने नाडी बघतो. टायपिस्ट नायिका कागद न घालताच टायपिंग करते. दिग्दर्शकाला हे दिसत नाही असं नाही. चालतंय म्हणून तो चालवतो, आणि अशा माणसाचा सिनेमा मी दुसऱ्यांदा बघत नाही.

दुसरं मत नावांबद्दल. तेव्हा नावं सिनेमाच्या सुरुवातीला यायची, आणि ती सुरू व्हायच्या आत मी खुर्चीत बसलेली असायचे. ध्वनिमुद्रण कोणाचं, संकलन कोणाचं, सेट कोणी लावला, सगळं वाचायचे. आई वैतागायची. म्हणायची, "यातलं कोण तुझ्या लग्नाला येणार आहे?"

ही मतं मी कुठल्या पुस्तकात वाचली नाहीत. ती मला वडिलांकडून मिळाली, आणि गंमत म्हणजे त्यांना सिनेमा अजिबात आवडत नसे.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरतं ठेवायचं आणि हत्याराने कातून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांचं काम. केसापेक्षा बारीक फरक त्यांच्या बोटांना कळायचा. भुशाने आणि साबणाने कितीही घासले तरी हातांच्या रेघांमधलं काळं तेल निघायचं नाही. डाव्या अंगठ्याचं नख कधीतरी चेपून कायमचं काळं पडलं होतं. ते बोलायचे कमी, आणि जे बोलायचे तेही आधी मोजून घेतल्यासारखं. सिनेमाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "त्यात कोणी काम करत नाही, नुसतं काम केल्यासारखं करतात." लहानपणी मला याचा राग यायचा. पुढे मी त्याच वाक्यावर टीकाकार झाले.

अंबरनाथच्या कारखान्यांना तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, आणि नवे सिनेमेही शुक्रवारीच लागायचे. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या दिवसाचं पब्लिक म्हणजे टर्नर, फिटर, वेल्डर आणि त्यांची बायकापोरं. तिकडे मुंबईत मोठमोठे समीक्षक असतील. पण पडद्यावरचा वेल्डर काळा चष्मा न लावता वेल्डिंग करायला लागला की आमचं अख्खं थिएटर हसायचं. असं जाणकार पब्लिक मी पुढे कुठेच पाहिलं नाही.

अशाच एका शुक्रवारी, मी उल्हासनगरला कॉलेजात होते तेव्हा, बाबांच्या कारखान्यात शूटिंग झालं. मशिनी बंद असतात म्हणून मालकांनी सुट्टीचा दिवस दिला होता. कोणी काही मोडू नये म्हणून बाबांना राखणीला बोलावलं. सुट्टी गेली म्हणून ते चिडूनच गेले, आणि परत आले ते चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच घेऊन. जेवण झाल्यावर त्यांनी आईला आणि मला सांगितलं.

सिनेमाचा नायक लेथवर काम करतो असा प्रसंग होता. नायकाला मशिनीची भीती वाटत होती, आणि ते बाबांना योग्यच वाटलं. मग दिग्दर्शकाने ठरवलं की चेहरा नायकाचा घ्यायचा आणि हात बाबांचे. बाबांनी मशीन चालू केली, जॉब, म्हणजे कातायचा लोखंडाचा तुकडा, कातला. दिग्दर्शक म्हणाला, आता मायक्रोमीटरने माप घ्या, पण मशीन फिरती राहू द्या, पडद्यावर छान दिसेल. बाबा म्हणाले, "चालू मशिनीवर माप घेत नाहीत." जॉब पकडून ठेवतो तो चक पूर्ण थांबल्याशिवाय कोणी शहाणा टर्नर माप घेत नाही. घेतलं तर बोट जायचं. दिग्दर्शकाने दोनदा विनवलं, एकदा आवाज चढवला. बाबांनी मशीन बंद केली आणि चक थांबेपर्यंत हात मागे घेऊन उभे राहिले. शेवटी कॅमेऱ्यालाही वाट बघावी लागली. चक फिरत फिरत हळू झाला, थांबला, आणि मग बाबांनी माप घेतलं.

"आणि त्या हिरोचे हात?" आईने विचारलं.

"माझ्यासारखे केले. मेकअपवाल्याने त्याला तेल फासलं. या अंगठ्याला काळा रंग पण लावला." बाबांनी डावा अंगठा वर केला. आईने इतकी वर्षं घासून घासून जे निघालं नव्हतं, ते एका नटाच्या हाताला मुद्दाम लावलं होतं. आई हसत सुटली.

बाबांनी बजावलं होतं की बाहेर बोलू नका, लागेल तेव्हा बघू. पण माझ्या पोटात काही राहत नाही. आठवड्याभरात आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं, बाबांच्या खात्याला कळलं होतं, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या फिटर काकांना तर तीनदा सांगून झालं होतं. काका बाबांच्याच कारखान्यात होते. दोघांची दोस्ती जुनी, आणि एकमेकांची खेचणं त्याहून जुनं.

वर्षभराने सिनेमा उल्हासनगरला लागला. पहिल्या शुक्रवारी आम्ही तीसेक जण कॅम्पातल्या, म्हणजे तिथल्या सिंधी वस्तीतल्या, थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. पुढे मी, मागे बिल्डिंग. बाबांनी लग्नातला शर्ट घातला होता. नायक कारखान्याच्या फाटकातून आत शिरला, आमच्या रांगांमध्ये कुजबुज झाली, त्याने पट्टा ओढून मशीन चालू केली, आणि एकदम कट होऊन तो नायिकेबरोबर बागेत दिसला. मध्ये काहीच नाही. मला वाटलं, पुढे येईल. इंटरव्हल झालं, शेवट झाला, लाइट लागले. हात कुठेच आले नव्हते.

जिन्यावर काका म्हणाले, "अहो टर्नर, तुमचे हात दिसले नाहीत ते. घरी विसरून आला होता काय?" सगळे हसले. बाबाही हसले, पण ते त्यांचं हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात तेच सुरू झालं. गेटवर कोणीतरी विचारायचं, "आज हात आणलेत ना?" आयुष्यात जो माणूस मापाबाहेरचा शब्द बोलला नव्हता, तो माझ्यामुळे फेकू ठरला. ते दुपारचा डबा चौघांत बसून खायचे, तो आता एकटे मशिनीपाशी खायला लागले. हे मला वरच्या काकूंनी सांगितलं. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी कॉलेज बुडवून त्या थिएटरवर गेले. मॅनेजर सिंधी होते, केबिनमध्ये उदबत्ती लावत होते. मी सरळ विचारलं, कारखान्याचा सीन कुठे गेला. त्यांना वाटलं मी नायकाची फॅन आहे.

"काट दिया, बेटी. पिक्चर लंबी है, चार शो कैसे बैठेंगे? और उस सीन में है क्या? मशीन बंद होती है और आदमी खड़ा रहता है. पब्लिक सीटी मारती है."

मला तेव्हा कळलं. बाबांनी मशीन फिरती ठेवून माप घेतलं असतं, तर तो तुकडा चार सेकंदांत संपला असता आणि सिनेमात राहिला असता. चक थांबायची वाट बघितली म्हणून त्यांचे हात कापले गेले होते.

"वो हाथ मेरे बाबा के हैं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते.

मॅनेजरनी उदबत्ती खाली ठेवली. मला वर ऑपरेटरच्या खोलीत घेऊन गेले. कापलेला तुकडा डब्यात जपून ठेवलेला होता, कारण प्रिंट पुढच्या गावाला पाठवताना ती पूर्ण करूनच द्यावी लागायची. उद्यापासून ती बदलापूरला लागणार होती. ऑपरेटर चाचांनी तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. एकाखाली एक, एकाखाली एक, नखाएवढे बाबांचे हात. अर्ध्याअधिक चौकटींत ते काहीच करत नव्हते, नुसते थांबलेले होते.

चाचांनी ब्लेडने कडा खरवडल्या आणि म्हणाले, "जोड लगाने में एक फ्रेम जाती है. एक और निकाल दूँ? घर में रखना."

"नको," मी म्हटलं. "एक भी कम मत करना."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. मग फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून, श्वास रोखून, त्यांनी तो जोड असा बसवला की मी आजही ध्वनिमुद्रक आणि संकलकांच्या यादीत मनातल्या मनात त्यांना धरते.

घरी येऊन मी थेट काकांच्या दारात उभी राहिले. "काका, उद्या बदलापूरला चला. हात दिसले नाहीत तर मी सिनेमा बघणं सोडून देईन."

"तू?" काका म्हणाले. "हे मात्र बघायलाच पाहिजे."

बाबा येणार नव्हते. आई म्हणाली, "मग मी एकटी जाऊ का बदलापूरला?" ती एकटी कर्जतपर्यंत जाऊन आलेली बाई. पण बाबांनी शर्ट घातला, या वेळी रोजचाच.

बदलापूरचं थिएटर पत्र्याचं होतं. पुढच्या बाकड्यांवर आसपासच्या गावांतली माणसं, मागे शुक्रवारची सुट्टी घेऊन आलेले कारखान्यातले लोक. उल्हासनगरला हुकलेले बाबांच्या खात्यातले बरेच जण तिथे होते. नायक फाटकातून आला. त्याने मशीन चालू केली. मी बाबांचा दंड धरला होता.

आणि हात आले.

अख्ख्या पडद्याभर. काळे, रेघारेघांचे, डाव्या अंगठ्याचं नख मेलेलं. त्यांनी हत्यार पुढे सरकवलं, लोखंडाचा कीस वेटोळी घेत खाली पडला. मग उजव्या हाताने मशीन बंद केली आणि दोन्ही हात मागे सरले. चक फिरत राहिला. पडद्यावर काही होत नव्हतं. पुढच्या बाकड्यांवरून एक शिट्टी आली, मग दुसरी. कोणीतरी ओरडलं, "अरं काम कर ना, हुभा काय?"

माझ्या शेजारून काका उठून उभे राहिले. पडद्यावर त्यांच्या डोक्याची सावली पडली असेल, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"गप रे," ते म्हणाले. "चक थांबू दे की. मशीन थांबल्याशिवाय माप घेतात काय?"

मागच्या रांगांमधून कोणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." मग आणखी कोणीतरी. शिट्ट्या थांबल्या. आणि ते सगळं पत्र्याचं थिएटर, शेतावरून आलेली माणसं आणि मशिनीवरून आलेली माणसं, माझ्या बाबांच्या हातांबरोबर चक थांबायची वाट बघत बसलं. चक थांबला. हात पुढे आले, मायक्रोमीटर लावला, अंगठ्याने फिरवला, उजेडाकडे धरला. मग नायकाचा चेहरा आला, समाधानाने हसणारा. थिएटरमध्ये टाळ्या वाजल्या, आणि त्या नायकाला नव्हत्या हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही, स्वतःच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही नाही.

सुटल्यावर काका बाबांसमोर उभे राहिले. बराच वेळ चप्पल नीट करत राहिले. मग म्हणाले, "उद्या डबा माझ्याबरोबर खा." बाबा म्हणाले, "भाजी काय आहे त्यावर ठरवू."

स्टेशनकडे चालताना बाबांनी मला विचारलं, "तो तुकडा परत जोडला कोणी?"

"उल्हासनगरच्या ऑपरेटरने."

"हात चांगला आहे त्याचा. जोड कुठे आहे ते कळलं नाही." बाबांच्या तोंडून इतकं कौतुक मी बारावीच्या निकालालाही ऐकलं नव्हतं.

पण मला एक गोष्ट टोचत होती. सुरुवातीची नावं मी दोन्ही वेळा डोळे फाडून वाचली होती. मेकअपवाल्याचं नाव होतं, चहा पुरवणाऱ्याचे आभार होते. बाबांचं नाव नव्हतं. मी ते बोलून दाखवलं, आणि दिग्दर्शकाला चार शिव्याही दिल्या.

बाबांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "वीस वर्षं जॉब काढतोय. एकावर तरी माझं नाव आहे का?"

"नाही."

"माप चुकलं असतं तर परत आले असते," ते म्हणाले. "अजून एक पण परत आलेला नाही."