जवसाचं तेल आणि वहिनींचा अंगठा

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतावर थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी एकट्याच राहतात. भावाचं बावीस बोअरचं रिव्हॉल्वर परवान्यासह त्यांच्या नावावर झालं. रानडुकरं फार झाली की त्या बांधाच्या मातीत बार काढतात. आवाजानंच कळप पांगतो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. भाऊ गेल्यावर ती माझ्याकडे आली. वडील कुऱ्हाडीच्या दांड्याला, बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळत. मीही दरवर्षी अमरावतीहून येई आणि रिव्हॉल्वरला तेच तेल लावी. भक्तिभावानं चक्री उघडून काडतुसांच्या प्रत्येक घरात एकेक थेंब सोडी.

पुढे बार उडाला की काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आतच अडकू लागल्या. वहिनी त्या बाहेर काढायची दांडी अंगठ्यानं दाबत, मग खाटेच्या काठावर आपटत. अकोल्याच्या बंदूकवाल्यानं वरवर पाहून सांगितलं, यंत्र ठीक आहे. मग दोष कोणाचा? मी सगळ्या घरासमोर म्हणालो, "वहिनी, हात थकले तुमचे. हे ठाण्यात जमा करा आणि अमरावतीला आमच्याकडे चला." माझ्या पोरांनी माना डोलावल्या. शेत सोडायचं ठरलं.

जमा करण्याआधी पुसून ठेवावं म्हणून मी शेतावर गेलो. काडतुसं बाजूला काढून ठेवली, चक्री रिकामी असल्याची खात्री केली आणि तेलाची बुधली उचलली.

"भाऊजी, हे काय लावून राहिले तुमी?"

"जवसाचं तेल. दरवर्षीच लावतो."

"आतमंदी बी?"

"आतमंदी बी."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अन् मी समजून राहिले, माह्या अंगठ्यातला जीव गेला! अवो, दाराले हे तेल काहून लावतो आपण? वाळून कडक होते म्हणूनच ना? बुधलीचं तोंड तरी पाहा!"

पाहिलं. तोंडाशी पिवळट, काचेसारखा थर चढला होता. नखानं निघेना.

दारं रंगवून उरलेलं टर्पेंटाइन त्यांनी आणलं. चक्री सुटी करून आम्ही ओसरीवर बसलो. घरांत टर्पेंटाइन भिजत ठेवलं, चहा झाला, मग मी पितळी तारांचा ब्रश फिरवू लागलो. आधी काहीच नाही. मग डिंकासारखे तपकिरी पापुद्रे सुटू लागले. माझ्या इतक्या दसऱ्यांची भक्ती कापसावर उतरत होती. बार झाला की पुंगळी फुगते आणि त्या थरात रुतून बसते, एवढी साधी गोष्ट होती.

कोरडी पुसून मी चक्री उन्हाकडे धरली. एरवी अंधारी दिसणारी घरं आतून लखलखत होती. प्रत्येकातून आभाळाचा एकेक गोल तुकडा दिसत होता. देव्हाऱ्यापुढंही मला असं गप्प व्हायला झालं नव्हतं.

जोडणी झाल्यावर वहिनींनी बांधाच्या मातीत सगळे बार काढले. चक्री उघडली, नळी वर धरली आणि एका अंगठ्यानं दांडी दाबली. साऱ्या पुंगळ्या एकदम खाली पडल्या, पिकलेली बोरं पडावीत तशा. सत्तरी उलटलेला तो अंगठा मी पाहत होतो. त्याच्यात काही कमी नव्हतं. कधीच नव्हतं.

वहिनी शेतावरच राहिल्या. घरी मात्र मी सांगितलं, वहिनींच्या हाताला जमावी म्हणून अकोल्याला दांडी हलकी करून आणली. वहिनींनी ते खोडलं नाही, आणि त्यांचा हात थकल्याची गोष्ट घरात तशीच राहिली. अजून कोणी ना कोणी त्यांना विचारतं, "काकू, जमतं का आता?" त्या नुसत्या हो म्हणतात. म्हणून हे लिहिलं. बिघाड माझ्या हातचा होता, आणि तो ओळखला त्यांनी.

यंदाच्या दसऱ्याला मी बुधलीकडे हात नेलाही नव्हता, तरी त्यांनी ती उचलून माळ्यावर ठेवली आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"तुमी फक्त कुंकू लावा, भाऊजी. अन् बाहेरूनच."